मलिक अंबर : दख्खनचा हबशी कर्ता पुरुष

निजामशाहीचे स्वातंत्र्य मोगलांविरुद्ध पाव शतक टिकवून धरणारा मलिक अंबर जन्माने आफ्रिकेतील हबशी होता. इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका धन्याने त्याला शिक्षण व अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा पेशवाही एके काळी हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला व काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून त्याने बुडते राज्य सावरले. मराठा घोडदळाच्या बळावर त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही राजधानी करून तेथे नहरीचे पाणी खेळविले. त्याची सारापद्धती मलिकंबरी धारा या नावाने महसुली परिभाषेत टिकली. १६२४ मध्ये भातवडीस त्याने मोगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. १६२६ मध्ये तो निवर्तला; त्याची कबर खुलदाबादेस आहे.

जहांगीराने आत्मचरित्रात अंबराची त्याच्या वर्णावरून हेटाळणी केली. मात्र अंबराच्या मृत्यूनंतर मोगल दरबारच्याच मुतमदखानाने त्याच्या योग्यतेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. भातवडीस अंबराच्या बाजूने लढलेल्या शहाजीराजांशी त्याचे पुढे वितुष्ट आले. तरीही परमानंदाचे संस्कृत शिवभारत अंबराचे शौर्य गौरवानेच वर्णिते. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूर मिळाले. तेथील त्यांच्या बहुभाषिक दरबारात जयराम पिंड्ये याने राधामाधवविलासचंपू रचला. मराठी, कानडी, फारसी व संस्कृत यांच्या संगमातून घडलेल्या त्या दख्खनी जगाच्या जडणघडणीत एका हबशाचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

अंबराचा गौरव मात्र एका अपवादात्मक पुरुषाच्या स्तुतीवर थांबू नये. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाची वस्ती आजही कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. तेथील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या सूचीत स्थान मिळाले ते २००३ मध्ये. गुलामगिरीतून आलेल्या एका पुरुषाला ज्या भूमीने राज्याचा कारभार सोपविला, तिने त्याच वंशाच्या सामान्य माणसालाही बरोबरीचे स्थान देणे, हाच त्याच्या चरित्राचा न्याय्य आदर होय.