मार्कोनी आणि समुद्रावरील बिनतारी संदेश

आपल्या धाराशिव जिल्ह्यापासून समुद्र फार दूर. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला घातलेला बांध व त्यामागे साठलेले पाणी, एवढाच काय तो जलाशय आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेला असतो. तेव्हा नांगर म्हटला की आपणांस शेतातलाच आठवावा, ह्यात नवल नाही. तथापि कुर्डुवाडीवरून आगगाडीने पुण्यास जाताना जे दौंड स्टेशन लागते, त्या दौंडाचा समुद्रावर वाढलेल्या एका विद्येशी एके काळी निकट संबंध होता. तो कसा, हे कळण्यासाठी गुग्लिएल्मो मार्कोनी ह्या इटालियन संशोधकाचे चरित्र पाहिले पाहिजे.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या शहरी झाला. बाप सधन जमीनदार, आई आयर्लंडची. विश्वविद्यालयाची पदवी त्याला मिळाली नाही. परंतु हर्ट्झ ह्या जर्मन पंडिताने सिद्ध केलेल्या विद्युल्लहरींविषयी वाचल्यापासून त्याला दुसरे काही सुचेना. १८९५ साली घराच्या माळ्यावर व भोवतालच्या शेतांत त्याने प्रयोग मांडले. संदेश टेकडीपलीकडे पोहोचला, की तेथे उभ्या असलेल्या भावाने बंदुकीचा बार काढून कळवावयाचे, असे ठरले होते. बार ऐकू आला, आणि टेकडी आड आली तरी संदेश अडत नाही हे सिद्ध झाले. त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस हेही ह्याच लहरींवर प्रयोग करीत होते, हे आपण विसरता कामा नये.

पुढल्या वर्षी तो इंग्लंडला गेला. तेथील टपालखात्याचे मुख्य इंजिनिअर प्रीस यांनी त्याला आश्रय दिला, आणि १८९७ साली ब्रिस्टलच्या खाडीवरून फ्लॅट होम बेटापर्यंत संदेश गेला. जमिनीवर तारा होत्याच. ह्या विद्येची खरी गरज होती ती जेथे तार नेता येत नाही अशा जहाजांना.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यासमोर गुडविन नावाची वाळूची विस्तीर्ण दांडी आहे. तिच्यावर रुतून असंख्य जहाजे बुडाली. वाळूत दीपगृह उभे राहीना, म्हणून तेथे दीपनौका नांगरून ठेवीत. नांगर केवळ वजनाने जहाज धरून ठेवतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब साखळी सोडावी लागते, म्हणजे ओढ तळाशी आडवी लागते व नांगराचे दात रुततात. साखळी आखूड सोडली तर जहाज उचलताच नांगर उपटून येतो. दीपनौका अशी जखडलेली असे, आणि वादळ येवो की धुके पडो, जागा सोडून जाण्याची तिला मुभा नसे. मदत मागावयाची तर तोफ उडवावी नाहीतर बाण सोडावे. दाट धुक्यात तेही व्यर्थ. १८९८ च्या अखेरीस मार्कोनीने ह्या दीपनौकेवर आपले यंत्र बसविले व ते किनाऱ्यावरील दीपगृहाशी जोडले. १८९९ च्या मार्चमध्ये एक जहाज वाळूवर चढले, तेव्हा दीपनौकेने बिनतारी संदेश देऊन जीवरक्षक होडी बोलाविली. पुढल्याच महिन्यात एका आगबोटीची खुद्द दीपनौकेलाच धडक बसली, आणि तिला स्वतःसाठी हाक मारावी लागली.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंगाने तार उंच चढवून मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेले तीन टिंबांचे अक्षर ऐकले, असे त्याने जाहीर केले. त्याविषयी शंका आजही घेतल्या जातात. शिवाय त्या वेळी वापरलेल्या ग्राहकयंत्रातील पाऱ्याची योजना मूळ बोस यांची, असे काही संशोधकांनी साधार मांडले आहे. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनीला ब्राउन ह्या जर्मन शास्त्रज्ञासह विभागून मिळाले. बोस यांच्या वाट्याला ते आले नाही.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक बर्फाच्या डोंगरावर आदळली. तिची यंत्रे मार्कोनीच्या कंपनीची, ती चालविणारे दोघे तरुणही कंपनीचेच. त्यांनी हाकेवर हाक दिली. कॅलिफोर्नियन नावाची आगबोट जवळच थांबली होती. परंतु तिच्यावर संदेश घेणारा एकच, व तो दिवसभराच्या कामानंतर नुकताच निजला होता. दूरच्या कार्पेथियावरील माणूसही निजण्याच्याच बेतात होता, पण त्याच्या कानांवरील श्रवणयंत्र अद्याप उतरले नव्हते. म्हणून सुमारे ७०० माणसे वाचली. पंधराशेंहून अधिक बुडाली. यंत्र निर्दोष होते, कान नव्हता. १९१४ साली लंडनच्या परिषदेत मोठ्या जहाजांवर अहोरात्र पाळी ठेवण्याचा नियम झाला. पुढे दर तासाला दोनदा तीन तीन मिनिटे संकटाच्या लहरीवर सर्वांनी मौन धरावे, म्हणजे क्षीण हाकही ऐकू येईल, अशी वहिवाट पडली. जहाजांच्या घड्याळांवर ती मिनिटे तांबड्या रंगाने दाखवीत. टिंबारेघांची ती भाषा १९९९ साली जहाजांवरून निवृत्त झाली. आता लहानशा शिडाच्या होडीचा नवा मालकही सोळाव्या वाहिनीवर कान ठेवण्यास शिकतो. संकटात ‘मेडे’ हा शब्द तीनदा, मग होडीचे नाव, ठिकाण, काय घडले, माणसे किती, एवढे सांगावयाचे व लागलीच बोलण्याची कळ सोडावयाची. घाबरलेला मनुष्य ती दाबूनच धरतो, आणि मग उत्तर त्याला ऐकू येत नाही.

१९१९ साली मार्कोनीने एलेत्रा नावाची नौका विकत घेतली. तीच त्याचे घर व तीच प्रयोगशाळा झाली. १९२३ साली तीवरून दूर समुद्रात जाऊन त्याने आखूड लहरी किती लांब पोहोचतात हे पाहिले. त्याच्या ह्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून लहरी एकाच दिशेस फेकणारी केंद्रे निघाली, व १९२७ साली हिंदुस्थान इंग्लंडशी जोडला गेला. संदेश धाडण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीस, घेण्याचे दौंडास. दोन्ही एकत्र असती तर स्वतःच्याच गर्जनेत दूरची कुजबूज बुडाली असती.

मार्कोनी निर्दोष नव्हता. १९२३ साली तो मुसोलिनीच्या पक्षात सामील झाला व अखेरपर्यंत त्याच्याशी स्नेह ठेवून राहिला. त्याच्या कीर्तीवरचा हा डाग पुसता येत नाही. परंतु समुद्रावरील काम त्याने सोडले नाही. १९३४ साली एलेत्राच्या सुकाणूगृहाच्या खिडक्या झाकून, केवळ किनाऱ्यावरून येणाऱ्या लहरींच्या आधारे, दोन तरंगत्या खुणांमधून ती नेऊन दाखविली.

२० जुलै १९३७ रोजी रोम शहरी त्याचा अंत झाला. त्याप्रीत्यर्थ ठिकठिकाणच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपली यंत्रे बंद ठेवली. एलेत्रा पुढे महायुद्धात जर्मनांच्या हाती पडली व १९४४ साली एड्रियाटिक किनाऱ्यावर निकामी झाली. १९७७ साली ती मोडण्यात आली. तिचे काही तुकडे इटलीत जपून ठेवले आहेत.