कै. मारोतराव कन्नमवार : चांद्याहून मुंबईस

ज्या सभासद कुटुंबांत या वर्षी मुलाच्या वा मुलीच्या हाती दूरगावच्या नेमणुकीचा हुकूम पडला असेल, त्या घरांत आनंदामागोमाग काळजीही शिरली असेल. वडीलधारी माणसे, धानाची बांधी आणि वैनगंगाकाठचे घर सोडून पुण्या-मुंबईस जावे, की मिळेल त्या पगारावर चंद्रपूर-गडचिरोलीतच राहावे, हा प्रश्न सोपा नाही. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र याच भूमीत जन्मलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे या निमित्ताने वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

मारोतराव कन्नमवार ऊर्फ दादासाहेब यांचा जन्म १० जानेवारी १९०० रोजी तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, शहरात झाला. घरची अत्यंत गरिबी. वर्तमानपत्रे विकून त्यांनी दिवस काढले. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत पडून त्यांनी तुरुंगवास भोगला व काँग्रेसच्या कार्याला स्वतःस वाहून घेतले. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच मोडत असे; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. वयाच्या पन्नाशीपर्यंत दादासाहेबांचे कार्य मुख्यतः विदर्भातच चालले, आणि त्यांची सारी पुण्याई तेथेच साठली.

१९५२ मध्ये ते जुन्या मध्यप्रदेशाचे मंत्री झाले. राजधानी नागपूर, म्हणजे चांद्याहून जवळच. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपद संपले. सचिवालयातील कित्येक कर्मचाऱ्यांना बिऱ्हाडे बांधून मुंबईची वाट धरावी लागली. दादासाहेबही मंत्री म्हणून मुंबईस गेले. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते, आणि चांदा आगगाडीने सुमारे पावणेनऊशे किलोमीटर मागे राहिले होते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मंत्र्याचे स्थलांतर आणि कारकुनाचे स्थलांतर एक नव्हे. मंत्र्यास बंगला मिळतो. कारकुनास भाड्याची खोली शोधताना पगार पुरेनासा होतो. म्हणून दादासाहेब गेले, तेव्हा तुम्हीही जा, असे आम्ही म्हणणार नाही.

१९६२ च्या चीन युद्धात यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस जावे लागले, आणि २० नोव्हेंबर रोजी दादासाहेब महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. राज्याच्या सर्वोच्च पदावर असतानाही विधानसभेत ते आपल्या भागातील सावली मतदारसंघाचेच प्रतिनिधी होते. मुक्काम मुंबईस होता, पण जाब द्यावयाचा तो सावलीच्या लोकांना. अवघ्या एका वर्षाने, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो. कार्यच दुसरीकडे गेले, तेव्हा ते त्यामागून गेले. म्हणून नेमणुकीचा हुकूम हाती पडताच प्रथम पाहावे की, आपणांस तिकडे खरोखर काम बोलावते आहे की केवळ पगाराचा आकडा. दुसरे असे की, ज्यांना येथेच राहावयाचे आहे त्यांनी स्वतःस कमी लेखू नये. दादासाहेबांचे मोठेपण मुंबईने घडविले नाही, ते घेऊनच ते मुंबईस गेले. आणि जे जातील त्यांनी आपली सावली कोणती, कोणाच्या सुखदुःखाचा जाब आपण देणे लागतो, हे जाण्यापूर्वीच ठरवावे. वडीलधाऱ्यांनीही मग त्यांची वाट अडवू नये.

मुंबईत विक्रोळीस कन्नमवारनगर नावाची मोठी वसाहत आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेल्या किती कुटुंबांच्या पत्त्यावर आज चांद्याच्या या सुपुत्राचे नाव आहे! आपल्यापैकी कोणी त्या बाजूस गेले, तर घरी पत्र लिहिताना त्यांनी दादासाहेबांचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.