अबुल कासिम अल-जहरावी : फुगलेली नस ओळखायला शिकवणारा सर्जन

इस्लामी इतिहासातल्या वैद्यकाची गोष्ट निघाली की इब्ने सीना यांचे नाव सर्वांना आठवते. शस्त्रक्रियेत मात्र सर्वात मोठे नाव अबुल कासिम खलफ बिन अब्बास अल-जहरावी यांचे. युरोप त्यांना अल्बुकासिस म्हणून ओळखतो. इ.स. ९३६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला, तो स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज्जहरा येथे. खलीफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी त्याच काळात ही नवी राजधानी वसवायला घेतली होती. 'जहरावी' हे नाव त्या गावावरूनच पडले. घराणे मदिनेच्या अन्सारांच्या वंशातले मानले जाते.

उभ्या हयातीचा अनुभव त्यांनी 'अत्तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथात उतरवला. शेवटचा, तिसावा भाग केवळ शस्त्रक्रियेचा आहे. डाग देणे, चिरफाड करणे आणि हाडे बसवणे असे त्याचे तीन विभाग. त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रे आहेत. शिकणाऱ्याला हत्यार नुसते वाचून कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

या भागाच्या प्रस्तावनेत ते एक भयंकर प्रसंग सांगतात. एका बाईच्या मानेवर गाठ होती. शरीररचनेचे ज्ञान नसलेल्या एका वैद्याने ती कापली. मानेतल्या धमन्या तुटल्या, रक्त थांबेना आणि बाई त्याच्या समोरच मरण पावली. ज्याला आत कोणती नस कुठून जाते हे माहीत नाही, त्याने चाकू हातात घेऊ नये, हे अल-जहरावी यांनी या प्रसंगातून ठासून सांगितले.

म्हणूनच त्यांनी धमनीच्या फुगवट्यावर, म्हणजे आजचे डॉक्टर ज्याला ॲन्युरिझम म्हणतात त्यावर, वेगळे प्रकरण लिहिले. या रोगाचा शोध त्यांनी लावला असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. ग्रीक वैद्यांना तो आधीपासून माहीत होता आणि अल-जहरावी त्यांच्याकडूनही शिकले. त्यांचे मोठेपण वेगळे आहे. गाठ दिसली की कापायची घाई नको, आधी बोटांनी दाबून ती कशाची आहे ते ओळखा, असे ते शिकवतात. काख, जांघ आणि मान इथल्या मोठ्या फुगवट्यांना चाकू लावू नका, असे बजावतात. जिथे हात घालणे शक्य आहे तिथे नस वरून आणि खालून दोऱ्याने बांधायला सांगतात.

हा फुगवटा होतो कसा? आपल्या भागातल्या वाचकांना पानशेतचे उदाहरण पुरे आहे. आंबी नदीवरचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात भरले. भिंत खचू लागली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. धमनीचेही असेच आहे. भिंत एका जागी कमजोर होते, रक्ताचा दाब ती बाहेर ढकलत राहतो आणि एक दिवस ती फुटू शकते. फरक इतकाच की धरणाची भिंत खचताना लोकांना दिसली. शरीरातली बहुतेक वेळा दिसत नाही, दुखतही नाही.

धोका कोणाला जास्त? बिडी-सिगारेट ओढणारे, बी.पी. वाढलेले, वय झालेले आणि ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार झाला आहे असे लोक. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाली तर तो ॲन्युरिझम. हे साध्या सोनोग्राफीत कळते. बिडी-सिगारेटची सवय असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. मेंदूतल्या फुगवट्यासाठी सी.टी. किंवा एम.आर. अँजिओग्राफी लागते. ती सर्वांना गरजेची नाही. घरात दोघा-तिघांना हा त्रास झाला असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारावे. सापडलेला प्रत्येक फुगवटा फुटतोच असेही नाही. लहान असेल तर डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात.

पण काही लक्षणांत एक तासही वाया घालवू नये. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात सुरू होणे, सोबत उलटी, मान आखडणे, पापणी खाली पडणे, शुद्ध हरपणे. किंवा पोटात-पाठीत अचानक असह्य कळ येऊन घाम फुटणे. अशा वेळी पित्त झाले, ऊन लागले, नजर लागली म्हणत बसू नये, डोके चोळत बसू नये. पानशेतहून पुणे सुमारे ४० किलोमीटर. त्यात रविवारी खडकवासल्याला गाड्यांची रांग लागलेली असते. तेव्हा लगेच १०८ ला फोन करावा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच पेशंट न्यावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे तिथल्या काउंटरवर विचारावे.

उपचारही पुष्कळ पुढे गेले आहेत. मेंदूतल्या फुगवट्याच्या तोंडाशी क्लिप लावतात, किंवा जांघेतल्या नशीतून बारीक नळी नेऊन आत तारेची वेटोळी भरतात. पोटातल्या महाधमनीत आतून स्टेंट-ग्राफ्ट बसवता येतो. अल-जहरावी यांनी जिथे चाकू लावायला मना केले, तिथे आज सर्जन आत्मविश्वासाने पोहोचतात. पण आधी ओळखा, मग हात लावा, हा नियम तोच आहे.

इ.स. १०१० च्या सुमारास मदीनतुज्जहरा यादवीत लुटले गेले. १०१३ च्या आसपास अल-जहरावी यांचे निधन झाले. शहर गेले, पण ग्रंथ राहिला. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपचे सर्जन कित्येक शतके त्यावर शिकले.

अशा माणसाचा अभिमान आपण जलशात बोलून दाखवतो, ते योग्यच आहे. पण घरात अब्बांची बिडी सुटलेली नाही आणि अम्मीचे बी.पी. वर्षभरात एकदाही मोजलेले नाही, तर त्या अभिमानाचा उपयोग काय? बी.पी.ची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. रमजानमध्ये ती सहरीला घ्यायची की इफ्तारनंतर, हे रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. ताटातले मीठ आणि लोणचे कमी करावे. अल-जहरावी यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, बोटे होती. आपल्याकडे दोन्ही आहेत. या आठवड्यात घरातल्या थोरांचे बी.पी. मोजून घ्या, एवढीच आमची विनंती.