बटाट्यांवर घडलेला जगज्जेता

‘पूल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नदी येते, तिच्यावरच्या कमानी येतात. पण अमेरिकेत याच उच्चाराचा एक खेळ आहे. हिरव्या बनातीचे टेबल, सहा खिसे, रंगीत चेंडू आणि हातात लांब काठी, म्हणजे क्यू. आपल्याला जवळचे वाटते ते त्याचे भावंड, बिलियर्ड्‌स. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली हौशी बिलियर्ड्‌सचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय ठरले. आपल्याकडे हा खेळ जिमखान्यात, साहेबी वातावरणात वाढला. अमेरिकेतल्या पूलचे तसे नव्हते. ‘पूल’ या शब्दाचा मूळ अर्थच पैजेसाठी सर्वांनी मिळून जमवलेली रक्कम. साहजिकच धूर, जुगार आणि वाया गेलेली मुले यांच्याशी या खेळाचे नाव जोडले गेले. त्या नावावरचा डाग पुसण्यासाठी ज्याने उभा जन्म वेचला, त्या विली मॉस्कोनीची ही गोष्ट.

विलीचा जन्म 27 जून 1913 रोजी फिलाडेल्फिया शहरात, एका इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. वडील जोसेफ यांचा पूलचा हॉल होता आणि कुटुंब तिथेच राहत असे. म्हणजे टेबल हाताच्या अंतरावर. पण वडिलांच्या मनात वेगळेच होते. नात्यातले दोघे मॉस्कोनी रंगभूमीवर नर्तक म्हणून गाजत होते. आपल्या मुलानेही पायांत ताल घ्यावा, क्यू हाती धरू नये, असे त्यांना वाटे. या धंद्यात कोण येतो आणि कसा परत जातो, हे गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांनी साहित्य कुलपात ठेवले.

पण ज्या गोष्टीला कुलूप लागते, तिची ओढ मुलांना दुप्पट होते. विलीने आईच्या स्वयंपाकघरातले लहान गोल बटाटे उचलले, केरसुणीचा जुना दांडा घेतला आणि सराव सुरू केला. बटाटा चेंडूसारखा सरळ कधी धावत नाही, आपली वाट तो आपणच ठरवतो. अशा हट्टी वस्तूला वळण लावण्यात विलीचे हात घडत गेले. वडिलांच्या हे ध्यानात आले, तेव्हा त्यांनी विरोध सोडला. इतकेच नव्हे, तर मुलाच्या खेळाचे जाहीर प्रयोग लावायला सुरुवात केली. 1919 साली, वयाच्या अवघ्या सहाव्या वर्षी, विली राल्फ ग्रीनलीफ या नामवंत खेळाडूसमोर उभा राहिला. तो हरला, पण लोक त्याच्याकडेच पाहत राहिले.

आणि सातव्या वर्षी त्याने खेळ सोडला!

चोरून खेळण्यात जी गंमत होती, ती तिकीट लावून खेळण्यात उरली नव्हती. मुलाच्या अंगचा गुण दिसताच त्याला व्यासपीठावर उभे करण्याची घाई आपल्याकडच्या पालकांनाही अनोळखी नाही. त्या घाईत मुलाची आवड कधी निसटते, हे कळतही नाही. विलीची आवड परत आली ती गरजेचे बोट धरून. 1930 नंतरच्या महामंदीत अमेरिकेत माणसे कामासाठी वणवण करत होती. मॉस्कोनींच्या घरातही ओढाताण आणि आजारपण होते. तरुण विलीला हमखास येणारी कला एकच. बक्षिसाच्या पैशांसाठी तो स्पर्धेत उतरला आणि मग मागे वळला नाही.

1933 साली तो पुन्हा ग्रीनलीफसमोर आला. बिलियर्ड्‌सचे साहित्य बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीने दोघांचा देशभर दौरा काढला. शंभराहून अधिक सामने झाले. ग्रीनलीफने 57 जिंकले, विलीने 50. आकडा पराभवाचा, पण याहून चांगली शाळा कोणती? रोज रात्री जगातला सर्वोत्तम खेळाडू समोर आणि त्याचा प्रत्येक फटका डोळ्यांखाली. ग्रीनलीफचा डौल विलाससारखा, पण दारूने त्याला पोखरले होते. काय घ्यावे आणि काय टाळावे, हे दोन्ही धडे विलीला एकाच माणसाकडून मिळाले.

त्या काळची मानाची स्पर्धा ‘स्ट्रेट पूल’ची. कोणता चेंडू कोणत्या खिशात जाणार, हे आधी सांगायचे. गेला तर एक गुण, चुकला तर पाळी दुसऱ्याची. पंधरापैकी चौदा चेंडू गेले की ते पुन्हा त्रिकोणात मांडायचे आणि उरलेला पंधरावा खिशात घालतानाच पांढऱ्या चेंडूने तो त्रिकोण फोडायचा. म्हणजे नुसता नेम पुरत नाही. आत्ताचा फटका मारताना पुढचे तीन-चार फटके डोक्यात तयार हवेत आणि पांढरा चेंडू नेमका हव्या त्या जागी थांबायला हवा. इथेच मॉस्कोनी वेगळा होता. तो झपाझप खेळे. पाहणाऱ्याला वाटे, सगळे सोपे चेंडूच याच्या वाट्याला कसे येतात? सोपे येत नव्हते, तो ते सोपे करून ठेवत होता. संसार नेटका करणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको.

1941 ते 1957 या काळात त्याने 15 वेळा जगज्जेतेपद मिळवले. 1954 च्या मार्च महिन्यात ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी एका प्रदर्शनीय सामन्यात त्याने न चुकता सलग 526 चेंडू खिशात घातले. म्हणजे चौदाची मांडणी सदतीसहून अधिक वेळा साफ! टेबल स्पर्धेतल्यापेक्षा लहान, आठ फूट बाय चार फूट होते, हेही नोंदवायला हवे. तरी हा उच्चांक तब्बल 65 वर्षे टिकला. 2019 मध्ये जॉन श्मिटने 626 चेंडूंपर्यंत मजल मारली आणि 2022 मध्ये जेसन शॉने 714 पर्यंत. 1956 च्या स्पर्धेत तर जिमी मूरविरुद्ध विलीने एकाच पाळीत 150 गुण करून डाव संपवला. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या 43 व्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. ज्या हातांवर सगळी भिस्त, तेच हात धोक्यात आले. त्यातूनही तो सावरला आणि पुन्हा टेबलाजवळ उभा राहिला.

एक सल मात्र कायम होता. 1961 साली ‘द हसलर’ हा चित्रपट आला. त्याचा तांत्रिक सल्लागार मॉस्कोनीच होता. नायक पॉल न्यूमनला त्यानेच तयार केले. चित्रपटामुळे ओस पडू लागलेले हॉल पुन्हा गजबजले, पण लोकांच्या मनात ठसला तो पैजा लावून गिऱ्हाईक गंडवणारा खेळाडू. सुटाबुटात येणारा, शांतपणे खेळून जाणारा सभ्य विजेता मागे पडला. रुडॉल्फ वँडेरोन या बोलघेवड्या खेळाडूने तर चित्रपटातला ‘मिनेसोटा फॅट्स’ म्हणजे मीच, असे सांगत मोठी प्रसिद्धी मिळवली. एकही जागतिक किताब नावावर नसलेल्या या माणसाचे नाव घरोघरी गेले, हे मॉस्कोनीला सोसवत नसे. 1978 च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर दोघांची गाठ पडली. लक्षावधी लोकांनी तो सामना पाहिला. फॅट्स बोलत राहिला, मॉस्कोनी चेंडू घालत राहिला. सामना अर्थातच मॉस्कोनीने जिंकला.

17 सप्टेंबर 1993 रोजी न्यू जर्सीतल्या हॅडन हाइट्स इथे त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने युरोप विरुद्ध अमेरिका अशी ‘मॉस्कोनी चषक’ स्पर्धा सुरू झाली. तिथे नऊ चेंडूंचा झटपट खेळ चालतो, प्रेक्षक घसा फुटेस्तोवर ओरडतात. मॉस्कोनीचा स्ट्रेट पूल मात्र मागे पडला. दूरचित्रवाणीला तेवढा धीर नसतो.

तरी एक गोष्ट झाली. ज्या खेळापासून मुलाला वाचवण्यासाठी बापाने कुलूप लावले, त्याच खेळाच्या मानाच्या चषकावर आज त्याच घराण्याचे नाव आहे. मुलांनी कशाला हात लावू नये, हे आपण भल्यासाठीच ठरवतो. पण कधी स्वयंपाकघरातले बटाटे कमी झाले, तर रागावण्याआधी ते कशासाठी नेले, एवढे विचारायला काय हरकत आहे?