बढती डावलली म्हणून नोकरी सोडली, पण यांच्या मागे पंचवीस कामगार घरदार घेऊन निघाले

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, एक तरुण मास्तर मुलांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवायचे. बढतीची वेळ आली. हक्क त्यांचा होता, जागा दिली एका अँग्लो-इंडियन माणसाला. मास्तरांनी राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं.

हे मास्तर म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. खरं तर त्यांना चित्रकार व्हायचं होतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखलही झाले, पण रंगच नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यातून पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं ओसाड माळरान. साप मुबलक. तरी १९१० साली पंचवीस कामगार बायकापोरांसह तिथे आले.

नुसत्या पगारासाठी कुणी अशा माळावर संसार मांडत नाही. लक्ष्मणराव माणसाचा दाखला बघत नसत, हात बघत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. शंभुराव जांभेकरांनी यंत्रं सांभाळली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब. कैदेतून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्याच्या नावाने लोक दार लावून घेत, त्याच्याच भरवशावर कारखाना झोपायचा.

पहिल्या महायुद्धात कोळसा, लोखंड, रंग सगळंच मिळेनासं झालं. लक्ष्मणरावांनी भट्ट्या लाकडावर चालतील अशा बदलून घेतल्या आणि काम सुरू ठेवलं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी हे नाव आहे.