फाळकेंच्या घरातली अंधारी खोली : पहिला सिनेमा रात्री घरातच धुतला जायचा

नाशिक : दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्याचे, त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०, पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. पहिला सिनेमा त्यांनी काढला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो सिनेमा कुठल्या कारखान्यात नाही, राहत्या घरात तयार झाला, आणि त्यातलं निम्मं काम त्यांच्या बायकोच्या हातचं होतं, हे फार कुणी सांगत नाही.

वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत शिकवायची नोकरी लागली आणि घर तिकडे गेलं. धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी. फोटो काढणं, काच धुणं, कागदावर छापणं, सगळं तिथं हाताखालून गेलं. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ टाकला. तिथं प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. बिऱ्हाड मोडलं, स्टुडिओ सुटला. पुढं बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली ताकद ओढून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना, असं सांगतात.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, करंदीकरांच्या गिरिजेशी. सासरचं नाव सरस्वती. पुढं सगळे त्यांना काकी म्हणायचे. मधल्या काळात फाळकेंनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटलं नाही, तर चालता धंदा सोडून घरी बसले.

अशात गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पुन्हा बायकोला घेऊन गेले. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हे डोक्यात बसलं ते बसलंच. रोज सिनेमे बघायचे, रात्री जागून घरी प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही दिवस दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये विलायत गाठली. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली.

पण माल आला म्हणून पैसे कोण देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोडं थोडं चित्र घेत राहिले. फिल्म चालवली तेव्हा अंकुर फुटला, वेल वर चढला, सगळं मिनिटभरात. ते पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. तरी भागलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण गेले.

आता खरं काम दादरच्या घरात सुरू झालं. तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती आपली आपण पाडायची. भोकं नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म ओढणार कशी? एका फुटात सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा. म्हणजे साडेचार लाखांहून जास्त भोकं, ती पण अंधारात! कारण उजेडाचा एक झोत लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंनी केलं.

दिवसा शूटिंग, रात्री धुलाई. आधी डेव्हलपरच्या पाण्यात फिल्म बुडवायची. चित्र उमटू लागलं की किती वेळ ठेवायचं याचा अंदाज नजरेनं, फार तर लाल दिव्यात. काढायला उशीर झाला तर सगळं काळं, घाई केली तर पुसट. मग हायपोत टाकायची, म्हणजे चित्र पक्कं होतं, मग भरपूर पाण्यात धुवायची, वाळवायची. एवढं करून हाती येते ती निगेटिव्ह, काळ्याचं पांढरं झालेली. ती दुसऱ्या कच्च्या फिल्मवर ठेवून उजेड द्यायचा, आणि तीही पुन्हा तशीच धुवायची, तेव्हा कुठं पडद्यावर दाखवायची प्रत मिळते. एखाद्या दृश्याची धुलाई बिघडली तर नटांना पुन्हा उभं करायचं, खर्च डबल. रसायनं कालवायची, फिल्म धुवायची हे काकींनी नवऱ्याकडून शिकून घेतलं होतं. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचं कामही त्यांचंच.

तारामती व्हायला मात्र त्यांनी नकार दिला. दुसरी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके लुगडं नेसून तारामती झाले. रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला आणि चालला.

नंतर फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला आणलं. ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’ इथल्याच काळातले. पैसा आला, भागीदार आले, पुन्हा वाद झाले. बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. काकींच्या नावाचं काय, हा प्रश्न आम्हाला तरी पडतो.

‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज पहिलं आणि शेवटचं एवढंच आहे, आणि तेही १९१७ मध्ये फाळकेंनी पुन्हा काढलेल्या सिनेमाचं असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.