अमेरिकेतलं युद्ध, जळगावचा कापूस आणि मुंबईचा शेअर बाजार एका दिवसात बुडाला त्याची गोष्ट

2022 चा मे महिना खानदेशातला शेतकरी अजून विसरलेला नाही. रुईचा भाव खंडीला एक लाखाच्या वर गेला होता. कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून जळगाव, धुळ्यातल्या कित्येक घरांत कापूस आढ्यापर्यंत रचून ठेवला गेला. घरात खाज सुटली, किडे झाले, पण माल विकला नाही. भाव काही आला नाही. शेवटी मिळेल त्या दराने कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला.

आता तुम्ही म्हणाल, हे तर नेहमीचंच. बरोबर आहे. कारण खानदेशात हे सगळं 160 वर्षांपूर्वीही झालं होतं, आणि त्या वेळी या खेळाच्या मधोमध एक माणूस उभा होता. मुंबईत राजाबाई टॉवर सगळ्यांनी पाहिलाय. तो ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते शेठ प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म 1831 चा, सुरतचा. घर जैन व्यापाऱ्याचं, पण फार पैसेवालं नव्हतं. वडील रायचंद दीपचंद पोटापाण्यासाठी कुटुंब घेऊन मुंबईत आले. पोरगा एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि इंग्रजीत तयार झाला. त्या काळात दलाली करणारी माणसं पुष्कळ होती, पण साहेबाशी त्याच्याच भाषेत बोलणारा, त्याची कागदपत्रं वाचणारा देशी दलाल सापडणं अवघड. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा पहिला देशी शेअर दलाल म्हणून आजही प्रेमचंद यांचंच नाव घेतलं जातं.

त्यांनी एका दलालाच्या हाताखाली काम सुरू केलं. मुंबईचा शेअर बाजार तेव्हा म्हणजे टाऊन हॉलसमोरच्या झाडाखाली जमणारी मूठभर माणसं. शेअर तरी कितीसे असणार? थोड्या बँका, थोड्या कंपन्या. खरा पैसा कापूस आणि अफूच्या व्यापारात होता. प्रेमचंद या सगळ्यात शिरले आणि तिशीच्या आतच त्यांचं नाव झालं. स्मरणशक्ती अशी की सौदे डोक्यात ठेवायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

मग आलं 1861.

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. भांडण गुलामगिरीवरून होतं, पण त्याचे चटके पहिल्यांदा बसले इंग्लंडला. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी साधारण पाचातले चार हिस्से अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि हा कापूस थांबला. गिरण्या बंद पडायला लागल्या, मजूर उपाशी मरायला लागले. इंग्लंडने जगाच्या नकाशावर कापूस कुठे पिकतो ते शोधायला सुरुवात केली. इजिप्त, ब्राझील आणि अर्थातच हिंदुस्थान.

खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठिकाण धुळे. जळगाव तसं छोटं गाव. काळी जमीन आणि कपाशी पूर्वीपासून होतीच, पण कापूस मुंबईला पोचवायचा तर बैलगाड्या आणि लमाणांचे तांडे. घाट उतरता उतरता निम्मा माल धुळीने माखायचा.

युद्धाने हे चित्र बदललं. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झालं. याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खानदेशात शिरत होते. भावाचं सांगायचं तर मुंबईत कापूस युद्धाआधीच्या तिप्पट-चौपट दराने जाऊ लागला. इतका, की मुंबईत लोकांनी जुन्या गाद्या उसवून त्यातला कापूस विकल्याची आठवण दिनशा वाच्छा यांनी नोंदवून ठेवली आहे.

पैसा दिसला की भेसळही येते. वजन वाढवण्यासाठी कापसावर पाणी मारायचं, गाठीत सरकी नाहीतर खडे घालायचे, हे इतकं वाढलं की सरकारला 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. धुळ्याला तेव्हा अ‍ॅशबर्नर नावाचे कलेक्टर होते. खानदेशातलं गावरान, आखूड धाग्याचं बियाणं हटवून वऱ्हाडाकडचं हिंगणघाटचं बियाणं लावण्यासाठी ते हात धुऊन मागे लागले होते. लँकेशायरला लांब धागा हवा होता ना. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या शेतात काय पेरायचं हे साता समुद्रापलीकडच्या गिरणीची गरज ठरवत होती.

इकडे मुंबईत प्रेमचंद यांना एक गोष्ट इतरांच्या आधी कळली होती. कापसाचा भाव ठरतो लिव्हरपूलला आणि त्याची बातमी येते बोटीने. ज्याला बातमी आधी, त्याचा नफा आधी. बोट बंदराला लागण्याआधीच प्रेमचंद यांची माणसं होडीतून जाऊन भाव विचारून येत, असा किस्सा सांगितला जातो. बातमी पक्की झाली की गावोगावचा माल उचलायचा. ज्याने विकला त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं की भाव वाढलाय. जळगावच्या पेठेत बसलेल्या शेतकऱ्याला तर आणखी उशिरा.

युद्धाच्या वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा जास्तीचे म्हणून मुंबईत सुमारे 8 कोटी पौंड आले, असा अंदाज त्या काळातल्याच लोकांनी काढला होता. पौंडाला दहा रुपये धरले तरी 80 कोटी रुपये. त्या काळातले!

खरा घोळ इथून सुरू होतो. एवढा पैसा ठेवायचा कुठे?

गिरण्या तेव्हा थोड्या होत्या, शेतीत गुंतवायची कुणाला हौस नव्हती. म्हणून लोकांनी कंपन्या काढायला सुरुवात केली. 1865 च्या सुरुवातीला मुंबईत 31 बँका, 16 वित्त कंपन्या आणि 8 जमीन कंपन्या होत्या. यातल्या अनेकांचा धंदा एकच, तो म्हणजे एकमेकांचे शेअर तारण ठेवून कर्ज देणं. त्या कर्जातून पुन्हा शेअर घ्यायचे, ते पुन्हा तारण ठेवायचे. वकील, डॉक्टर, कारकून, साहेबांचे अधिकारी, सगळे यात उतरले.

या सगळ्यात सर्वात गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. समुद्र हटवून जमीन तयार करायची आणि विकायची. योजना खोटी नव्हती, मुंबईला जमीन हवीच होती. पण 5,000 रुपये भरलेल्या शेअरचा भाव 50,000 च्या आसपास गेला, तेव्हा समुद्रातून जमीन अजून वर यायची होती.

प्रेमचंद या कंपन्यांच्या केंद्रस्थानी होते. नवी कंपनी निघाली की त्यांनी कुणाला किती शेअर द्यायचे ते ठरवायचं. त्यांच्या घरापुढे सकाळपासून रांग. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन तर त्यांचीच मानली जायची. पण जास्त गंभीर गोष्ट बँक ऑफ बॉम्बेची. ही सरकारी भागीदारीची बँक, 1840 ची. 1863 मध्ये तिचा कायदा बदलला आणि कर्ज देण्यावरची जुनी बंधनं सैल झाली. प्रेमचंद यांचं वजन बँकेच्या अधिकाऱ्यांवर इतकं, की त्यांची चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाला शेअरच्या तारणावर कर्ज मिळून जायचं. यात प्रेमचंद यांची बाजू घेता येत नाही. जनतेच्या ठेवी स्वतःच्या कंपन्यांचे भाव फुगवायला वापरल्या गेल्या आणि त्याची वाट त्यांच्या ओट्यावरून जात होती.

पण याच दिवसांत त्यांनी आणखी एक काम केलं. 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. थोड्याच दिवसांत आणखी दोन लाख, ग्रंथालयाला जोडून घड्याळाचा मनोरा बांधा म्हणून. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं होतं, राजाबाई. आईची दृष्टी गेली होती आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायची वेळ तिला घंटेवरून कळावी म्हणून हा मनोरा, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, पैसे मात्र रोख दिले गेले होते.

1 जानेवारी 1865 ला कसारा घाटातली रेल्वे सुरू झाली. आता खानदेशचा कापूस घाटात न उतरवता थेट मुंबईपर्यंत येणार होता. ज्या दिवसाची पेठ वाट बघत होती तो दिवस आला.

आणि 9 एप्रिल 1865 ला अमेरिकेत जनरल ली शरण आले.

युद्ध संपलं. लिव्हरपूलला भाव आधीच डळमळीत होते, ते आता कोसळले. अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस परत येणार म्हटल्यावर खानदेशच्या आखूड धाग्याला विचारतो कोण? बातमी मुंबईला पोचली आणि मोठमोठ्या पेढ्या एकेक करून हात वर करू लागल्या.

सगळ्यांचं लक्ष 1 जुलै 1865 कडे लागलं होतं. बॅक बे आणि इतर शेअरचे वायद्याचे सौदे त्या तारखेला पुरे करायचे होते. महिन्यांपूर्वी चढ्या भावाने घेतो म्हणून कबूल केलेलं, आता पैसे मोजायचे. पैसे कुणाकडेच नव्हते. प्रत्येकाचे पैसे दुसऱ्याकडून येणार होते आणि दुसऱ्याचे तिसऱ्याकडून. तो दिवस मुंबईच्या बाजाराच्या इतिहासातला पहिला काळा दिवस ठरला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 2,850 रुपयांपर्यंत गेला होता, तो 87 रुपयांवर आला. दिवाळखोर इतके झाले की त्यांची प्रकरणं निपटायला सरकारने त्याच वर्षी खास कायदा केला.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी ही बडी वित्तसंस्था बुडाली आणि उरलंसुरलंही गेलं. एशियाटिक बँक संपली. प्रेमचंद यांचंही दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बेने आपलं जवळजवळ सगळं भांडवल गमावलं आणि 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली. चौकशीला सर चार्ल्स जॅक्सन यांचा आयोग बसला. प्रेमचंद यांना तिथे आपल्या व्यवहारांची उत्तरं द्यावी लागली. वयाची चाळिशीही आली नव्हती.

या तडाख्यातून टाटाही सुटले नाहीत. तरुण जमशेटजी कापसाच्या हुंड्या घेऊन इंग्लंडला गेले होते. तिथे पोचेपर्यंत त्या कागदाला किंमत उरली नव्हती.

जळगावचं काय झालं? भाव पडल्याचा मार पेठेने चांगलाच खाल्ला, गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. पण पेठ मेली नाही. रेल्वे होती, काळी जमीन होती, सवय लागलेले व्यापारी होते. 1870 च्या दशकात गावात कापडाची गिरणी उभी राहिली, मूळजी जेठा यांची. जळगावचं एम. जे. कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच हे घराणं. बॅक बे कंपनीच्या शेअरपेक्षा कसारा घाटातले रूळ जास्त टिकले, असं म्हणायला हरकत नाही.

प्रेमचंदही मेले नाहीत. ही त्यांच्या आयुष्यातली कमी सांगितली जाणारी बाजू. त्यांनी पुन्हा दलाली सुरू केली, पूर्वीपेक्षा खूप लहान प्रमाणावर. थाटमाट कमी केला. आणि 1875 मध्ये मुंबईच्या दलालांनी एकत्र येऊन नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन केली, तेव्हा संस्थापकांत त्यांचं नाव होतं. हीच पुढे बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज झाली. झाडाखाली तोंडी चालणाऱ्या सौद्यांना संघटनेची चौकट देणाऱ्यांत तोच माणूस होता, ज्याच्या चिठ्ठीवर एकेकाळी बँक चालायची. यात विरोधाभास वाटत असेल तर वाटू द्या. खड्डा कुठे आहे ते पडलेल्याला जास्त ठाऊक असतं.

राजाबाई टॉवरचं काम 1869 ला सुरू झालं, म्हणजे देणाऱ्याचं दिवाळं निघाल्यावर. दान 1864 मध्येच बाजाराबाहेर गेलं होतं, म्हणून ते वाचलं. 1878 मध्ये मनोरा पूर्ण झाला, उंची सुमारे 280 फूट. त्या काळात मुंबईतली सगळ्यात उंच इमारत. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले होते, त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे देशातली सर्वात मानाची शिष्यवृत्ती गणली गेली.

बॅक बेचं म्हणाल तर ज्या समुद्राच्या नावावर 50,000 चा भाव निघाला होता, त्यातली बरीचशी जमीन विसाव्या शतकात भरली गेली. आज तिथे मरीन ड्राइव्ह आहे.

1906 मध्ये प्रेमचंद रायचंद वारले. त्याच वर्षी सरकारने खानदेशचे दोन जिल्हे केले. पश्चिम खानदेशचं ठाणं धुळ्यालाच राहिलं. पूर्व खानदेशचं ठाणं म्हणून निवडलं गेलं जळगाव. तोवर तिथे जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले होते, आणि रोज सकाळी पेठेत पहिली चौकशी मुंबईच्या भावाचीच व्हायची.